ब्रिटनमध्ये खर्चाला कात्री लागली की नेता का डळमळतो?

१ जुलै २०२५ ची संध्याकाळ. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात अपंगांच्या भत्त्यावर कात्री चालवणाऱ्या विधेयकाची चर्चा सुरू होती. मतदानाला दोन तासही उरले नव्हते, तेव्हा मंत्री स्टीफन टिम्स उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की विधेयकातलं सर्वांत वादग्रस्त कलम सरकार मागे घेत आहे. विधेयक पुढे ३३५ विरुद्ध २६० मतांनी संमत झालं, पण ज्या बचतीसाठी ते आणलं होतं, तिच्यातलं आधीच्या सवलतींनंतर जे उरलं होतं ते जवळजवळ सगळं त्या एका घोषणेत गेलं. एवढं करूनही सत्ताधारी मजूर पक्षाच्या ४९ खासदारांनी विरोधात मत दिलं ते दिलंच.

हे सरकार काठावरच्या बहुमताचं नव्हतं. वर्षभरापूर्वीच कीर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या होत्या. कपात होती वर्षाला सुमारे पाच अब्ज पौंडांची, आणि ब्रिटन सरकारचा वर्षाचा एकूण खर्च बाराशे अब्जांच्या पुढे आहे. म्हणजे अर्धा टक्काही नाही. मग घोडं अडलं कुठे?

ब्रिटनमधल्या पक्षनेत्याला एकाच वेळी तीन वेगवेगळ्या लोकांना सांभाळावं लागतं: आपले खासदार, पक्षाचे वर्गणीदार सदस्य आणि देशभरचे मतदार. चौथा असतो कर्जरोख्यांचा बाजार. त्याला मत नसतं, पण सरकारला उसने पैसे तोच देतो. खर्च कापला की हा चौथा शांत होतो आणि बाकीच्या तिघांपैकी कुणी ना कुणी दुरावतं. त्यामुळे कात्री कुठे लावायची हे गरजेपेक्षा मतं पाहून ठरतं. मला यात ब्रिटिश राजकारणातला सर्वांत मोठा अन्याय दिसतो, आणि तो कसा घडतो हे समजून घेण्यासारखं आहे.

नेता निवडतं कोण?

पंतप्रधान हा लोकसभेतल्या बहुमताचा नेता, ही पद्धत आपण ब्रिटनकडूनच घेतली. पण पक्षाने नेता निवडायची रीत तिथे वेगळी आहे. १९८१ पर्यंत मजूर पक्षाचा नेता फक्त खासदार निवडत. मग कामगार संघटना आणि सदस्यांनाही त्यात वाटा मिळाला आणि २०१४ च्या नियमबदलानंतर एक सदस्य, एक मत असं झालं. हुजूर पक्षात दोन नावं उरेपर्यंत खासदार चाळणी लावतात आणि शेवटचा कौल सदस्य देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केमी बेडनॉक हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या, तेव्हा त्यांना मिळाली ५३,८०६ मतं. प्रतिस्पर्धी रॉबर्ट जेनरिक यांना ४१,३८८. दोन्ही मिळून लाखसुद्धा होत नाहीत. चार-पाच कोटी मतदारांच्या देशात प्रमुख विरोधी पक्षाचा चेहरा एवढ्या लोकांनी ठरवला.

हे सदस्य सर्वसाधारण मतदारासारखे नसतात. वर्गणी भरून पक्षात येणारा माणूस विचाराने पक्का असतो. हुजूर पक्षाच्या सदस्याला कर कमी हवे असतात, मजूर पक्षाच्या सदस्याला कल्याणकारी योजनांवर घाव नको असतो. आपल्या मनातलं बोलेल त्याला ते नेता करतात. मग तो नेता सरकारमध्ये येतो आणि हिशेबाची वही उघडतो.

२०२२ मध्ये हुजूर सदस्यांनी लिझ ट्रस यांना ५७ टक्के मतं देऊन निवडलं ते करकपातीच्या वचनावर. २३ सप्टेंबरला त्यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे कुठून येणार याचा हिशेब दिला नाही. रोख्यांवरचे व्याजदर भडकले, पौंड डॉलरपुढे तोवरच्या नीचांकाला गेला, बँक ऑफ इंग्लंडला स्वतः रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. ट्रस यांचं पंतप्रधानपद ४९ दिवसांत संपलं. सदस्यांचा कौल आणि बाजाराचा कौल यांची अशी उघड टक्कर क्वचितच होते.

मजूर पक्षातली टक्कर संथ होती, पण जास्त खोल गेली. मे २०१५ मध्ये पक्ष निवडणूक हरला, एड मिलिबँड पायउतार झाले आणि हॅरिएट हार्मन हंगामी नेत्या झाल्या. लोकांचा आपल्यावर पैशाच्या बाबतीत विश्वास नाही, तेव्हा प्रत्येक कपातीला विरोध करून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमाराला हुजूर सरकारने कल्याणकारी मदतीत कपात करणारं मोठं विधेयक आणलं. तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठी मदत बंद करण्याची तरतूद त्यातच होती. २० जुलै २०१५ ला हार्मन यांनी खासदारांना तटस्थ राहायला सांगितलं. ४८ जणांनी ऐकलं नाही.

तेव्हा नेतेपदाची निवडणूक चालू होती आणि चार उमेदवार होते. अँडी बर्नहॅम, इव्हेट कूपर आणि लिझ केंडल तटस्थ राहिले. विरोधात मत दिलं एकट्या जेरेमी कॉर्बिन यांनी. हा माणूस अर्ज भरायची मुदत संपायला काही मिनिटं असताना कसाबसा खासदारांच्या पाठिंब्याचा आकडा गाठून उभा राहिला होता. सप्टेंबरमध्ये त्याला ५९.५ टक्के मतं मिळाली. लिझ केंडल यांनी प्रचारात आर्थिक शिस्तीवर सर्वांत जास्त भर दिला होता. त्यांना मिळाली ४.५ टक्के. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

कॉर्बिन यांनी २०१७ ला ४० टक्के मतं मिळवून सगळ्यांना चकित केलं, पण २०१९ ला पक्ष २०२ जागांवर आला. १९३५ नंतरची ती सर्वांत वाईट कामगिरी. ब्रेक्झिटचा त्यात मोठा हात होता, तरी पक्षाच्या धुरिणांनी धडा घेतला तो एकच: पैशाच्या बाबतीत बेभरवशाचे वाटलो तर सत्ता नाही. २०२० मध्ये आलेले स्टार्मर हाच धडा गिरवत २०२४ पर्यंत पोहोचले.

हात बांधलेलं सरकार

निवडणुकीआधी मजूर पक्षाने वचन दिलं, की कष्टकऱ्यांवरचा प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याची वर्गणी आणि मूल्यवर्धित कर वाढवणार नाही. शिवाय अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी नियम घालून घेतला, की दैनंदिन खर्च करांतूनच भागवायचा, त्यासाठी कर्ज काढायचं नाही. मोठे कर वाढवायचे नाहीत, कर्जही नाही. मग हाताशी काय उरलं? खर्च. मार्च २०२५ च्या हिशेबात नियम मोडण्याआधी शिल्लक जागा होती ९.९ अब्ज पौंडांची. व्याजदर थोडे वर गेले तरी संपेल एवढीच.

पहिली कात्री जुलै २०२४ मध्येच लागली होती. ब्रिटनमध्ये थंडीत घर गरम ठेवायला वृद्धांना सरकार दर वर्षी २०० ते ३०० पौंड देतं. हे पैसे सरसकट सगळ्या पेन्शनरांना मिळत. रीव्हज यांनी ते फक्त अत्यंत गरीब पेन्शनरांपुरते ठेवले. एक कोटीहून अधिक लाभार्थ्यांतून उरले साधारण १५ लाख. श्रीमंत म्हाताऱ्यांना सरकारने पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण रेषा कुठे ओढली पाहा. एकट्या व्यक्तीचं उत्पन्न आठवड्याला २१८.१५ पौंडांच्या खाली असेल तर 'पेन्शन क्रेडिट' ही पूरक मदत, आणि ती असेल तरच साधारणपणे इंधनभत्ता. दहा पौंड जास्त मिळवणारी आजी बाहेर. शिवाय पात्र असूनही ही पूरक मदत न मागणारे लाखो वृद्ध होते; कुणाला माहिती नव्हती, कुणाला हात पसरायची लाज वाटत होती. ज्यांना थंडी खरोखर बाधणार होती तेच यात सापडले. वाचणार होते जेमतेम दीड अब्ज.

१ मे २०२५ ला स्थानिक निवडणुकांसोबत रनकॉर्न अँड हेल्सबी या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. दहा महिन्यांपूर्वी मजूर पक्षाने ही जागा १४ हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकली होती. या वेळी नायजल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने ती अवघ्या सहा मतांनी हिसकावली. दारोदार फिरलेले मजूर कार्यकर्ते इंधनभत्त्याचाच विषय निघतो म्हणून सांगत परतले. जूनमध्ये सरकारने माघार घेतली आणि वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या पेन्शनरांना भत्ता पुन्हा सुरू केला. पैसे वाचले नाहीत, मतंही गेली.

ही माघार ताजी असतानाच दुसरी कपात सभागृहात आली, आणि ती आणणाऱ्या मंत्री होत्या लिझ केंडल.

'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट', बोलण्यात 'पिप', हा अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठीचा भत्ता. नोकरी असो वा नसो, तो मिळतो. दैनंदिन जीवनातल्या दहा गोष्टी पाहून गुण देतात: स्वयंपाक, जेवण, अंघोळ, शौच, कपडे घालणं वगैरे. एकूण ८ गुण झाले की २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ७३.९० पौंड. केंडल यांचा प्रस्ताव असा, की ८ गुण पुरेसे नाहीत. कुठल्या तरी एका गोष्टीत किमान ४ हवेत.

ऐकायला हा किरकोळ बदल वाटतो. पण गुणतक्ता उघडून पाहा. केस धुवायला किंवा कमरेखालचं अंग धुवायला दुसऱ्याची मदत लागत असेल तर २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंग धुवायला मदत लागत असेल तर ४. खालचे कपडे कुणी तरी घालून द्यावे लागतात, २ गुण. वरचे घालून द्यावे लागतात, ४. म्हणजे जी बाई वाकू शकत नाही, जिला कमरेखालचं अंग धुवायला आणि पायात कपडा चढवायला दुसऱ्याची मदत लागते, आणि स्वयंपाकाला व शौचाला एखादं साधन लागतं, तिचे २ अधिक २ अधिक २ अधिक २ असे आठ होतात आणि आज तिला भत्ता मिळतो. नव्या नियमात तिला शून्य. तिचं दुखणं तेच, धुवायला येणारा माणूस तोच. सरकारच्याच अंदाजानुसार एकूण बदलांमुळे अडीच लाख लोक दारिद्र्यरेषेखाली जाणार होते, त्यांत ५० हजार मुलं.

मजूर पक्षाच्या सव्वाशेच्या आसपास खासदारांनी विधेयक रोखणाऱ्या दुरुस्तीवर सह्या केल्या. ब्रिटनमध्ये हे शक्य आहे, कारण तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. भारतात १९८५ पासून दहाव्या परिशिष्टानुसार व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. महाराष्ट्राने तर २०२२ नंतर 'व्हिप कुणाचा खरा' या वादात वर्षं काढली. ब्रिटनमध्ये फार तर पक्ष आपल्या संसदीय गटातून काढतो. खासदार अपक्ष म्हणून आपल्या जागी बसून राहतो. जुलै २०२४ मध्ये स्टार्मर यांनी अशा सात जणांना काढलं होतं. सात जणांना काढता येतं. सव्वाशे जणांना काढलं तर सरकारच उरत नाही.

आणि ते सव्वाशे केवळ दयाबुद्धीने उभे राहिले असंही नाही. २०२४ चा विजय रुंद होता, खोल नव्हता: ३३.७ टक्के मतांत ४११ जागा. कित्येक खासदार हजार-दोन हजार मतांनी आले आहेत, आणि त्यांच्या मतदारसंघात पिप घेणारे लोक त्याहून जास्त आहेत. नेत्याला २०२९ चा ताळेबंद दिसत होता, खासदाराला २०२९ ची मतमोजणी.

जुनी जखम

मजूर पक्ष कपातीला एवढा का बिचकतो हे समजायला १९३१ पर्यंत मागे जावं लागतं. रॅम्से मॅक्डोनाल्ड पंतप्रधान होते, महामंदी होती, सत्तावीस लाखांच्या आसपास लोक बेकार होते. सरकारने नेमलेल्या मे समितीने ९६ दशलक्ष पौंडांची कपात सुचवली आणि त्यातला मोठा हिस्सा बेकारांच्या भत्त्यातून काढायचा होता. पौंड सोन्याला बांधलेला होता, सोनं देशाबाहेर चाललं होतं आणि न्यूयॉर्कचे बँकवाले कर्ज देण्याआधी कपात बघायची म्हणत होते.

२३ ऑगस्टला, रविवारी रात्री, मंत्रिमंडळ न्यूयॉर्कहून येणाऱ्या तारेची वाट बघत बसलं होतं. शेवटी प्रश्न उरला बेकारभत्ता १० टक्के कापायचा की नाही. मतं पडली ११ विरुद्ध ९. बहुमत कपातीच्या बाजूने, पण नऊ मंत्री विरोधात गेल्यावर मंत्रिमंडळ टिकणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅक्डोनाल्ड यांनी हुजूर आणि लिबरलांना घेऊन 'राष्ट्रीय सरकार' बनवलं. त्यांच्या पक्षाने त्यांना हाकललं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्ष २८७ वरून ५२ जागांवर आला. (पुढच्याच वर्षी ज्यांच्या जातीय निवाड्यावरून येरवड्यात पुणे करार झाला, ते हेच मॅक्डोनाल्ड.) ज्या सोन्यासाठी एवढं केलं, त्या सुवर्णपरिमाणातून ब्रिटन महिन्याभरात बाहेर पडला. नऊ दशकं उलटली तरी मॅक्डोनाल्ड हे नाव मजूर पक्षात शिवीसारखं घेतलं जातं.

कपात करून जिंकलेले

पण कपात केली की हरतोच, असं मात्र नाही. २०१० मध्ये हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग यांचं आघाडी सरकार आलं. तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या घरात होती. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ऑक्टोबरमध्ये चार वर्षांत ८१ अब्ज पौंडांची कपात जाहीर केली, स्टार्मर यांच्या कपातीच्या कित्येक पट. आणि २०१५ मध्ये हुजूर पक्ष स्वबळावर सत्तेत आला.

हे जमलं कारण ऑस्बोर्न यांनी कात्री कुठे लावायची ते नेमकं ओळखलं होतं. आरोग्य सेवेला हात लावला नाही. पेन्शनला तर उलट कवच दिलं: महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांत जे सर्वांत जास्त तेवढी वाढ दर वर्षी. याला 'ट्रिपल लॉक' म्हणतात. म्हातारे लोक तिथे हटकून मत देतात आणि बहुतेक हुजूर पक्षाला देतात. कात्री चालली ती काम करण्याच्या वयातल्या गरिबांच्या मदतीवर आणि नगरपालिकांच्या अनुदानावर. नगरपालिकेला धोक्यातली मुलं आणि परावलंबी वृद्ध सांभाळणं कायद्याने बंधनकारक आहे. तो खर्च टाळता येत नाही. मग वाचनालयं, युवा केंद्रं, लहान मुलांची 'शुअर स्टार्ट' केंद्रं बंद पडली. गावातलं वाचनालय बंद झालं की लोक नगरपालिकेला बोल लावतात, लंडनच्या अर्थमंत्र्याला नाही. दोष ढकलायला आधीचं सरकारही होतं: जाता जाता मजूर मंत्री लियम बर्न यांनी 'पैसे उरलेले नाहीत' अशी चिठ्ठी टेबलावर ठेवली होती आणि कॅमेरन २०१५ च्या प्रचारातसुद्धा ती खिशातून काढून दाखवत.

या कपातीची किंमत मोजली धाकट्या भागीदाराने. लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यापीठाची फी वाढवू देणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या करून फोटो काढून घेतले होते. डिसेंबर २०१० मध्ये फीची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली. त्यांचे मतदार तरुण, शिकलेले, शहरी. घाव नेमका त्यांच्यावर पडला. ५७ खासदारांचा पक्ष २०१५ ला ८ वर आला. आपल्याच माणसांवर कात्री चालवणाऱ्याचं काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना सार्वत्रिक निवडणुकीतही मत आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी. वर्क व्हिसावर असाल तर मतदार यादीत नाव घाला. कात्री कुणाकडे वळते ते पाहिलंत. यादीत नसलेल्यांचा विचार कुणी करत नाही.

राहिली ती २०१५ च्या विधेयकातली दोन मुलांची मर्यादा. एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलामागे कुटुंबाची वर्षाला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास मदत बुडत असे. अपवाद मोजके होते. तिसरं मूल बलात्कारातून झालं असेल तर मदत मिळे, पण त्यासाठी आईला ते कुणा अधिकृत व्यक्तीला सांगून अर्ज भरावा लागे. एका सुसंस्कृत देशाच्या सरकारी दप्तरात असा अर्ज वर्षानुवर्षं होता. मुलांना मत नसतं, आणि जनमत चाचण्यांत बहुतेक लोक मर्यादा राहू द्या म्हणत होते, म्हणून ती टिकली. स्टार्मर यांनी सात जणांना काढलं होतं ते याच मर्यादेविरुद्ध मत दिलं म्हणून.

पण जुलै २०२५ च्या माघारीनंतर नेता दुबळा झाला होता. पिपवरच्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी सभागृहात रीव्हज यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. त्या जाणार या शंकेनेच रोख्यांचे व्याजदर चढले. ऑक्टोबरमध्ये पक्षसदस्यांनी उपनेतेपदासाठी लूसी पॉवेल यांना निवडलं. सप्टेंबरमध्येच स्टार्मर यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं होतं. मजूर पक्षात नेत्याला आव्हान द्यायला २० टक्के, म्हणजे ऐंशीच्या आसपास खासदार लागतात. पिपवरच्या बंडात त्याहून जास्त सह्या जमल्या होत्या, हे सगळ्यांनी मोजलं होतं. २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात रीव्हज यांनी एप्रिल २०२६ पासून दोन मुलांची मर्यादा उठवण्याची घोषणा केली. साडेचार लाख मुलं दारिद्र्यातून बाहेर येतील असा सरकारचा अंदाज. पैसे उभे केले करांतून, मुख्यतः प्राप्तिकराच्या मर्यादा आणखी तीन वर्षं, २०३१ पर्यंत, गोठवून. दर वाढवला नाही, त्यामुळे वचन कागदावर शाबूत. पण पगार वाढेल तसा जास्त लोकांचा जास्त पैसा करात जाणार, आणि तो भरणारे कष्टकरी पुढच्या निवडणुकीत मतदानाला येणार आहेत.